चिंचेची सुट्टी आणि दुपारचा खेळ : निलंगा परिसरातील उन्हाळ्याचा अलिखित इतिहास (थ्रेड)

१/२४
उन्हाळ्याची सुट्टी म्हटले की आजोळ, आंबे आणि खेळ आठवतात. मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांत मात्र तिचे आणखी एक रूप होते. सकाळी चिंचेच्या झाडाखाली वेचणीला जायचे आणि हातात चार नाणी पडली की दुपारी तीनच्या खेळाला एकट्यानेच जाऊन बसायचे. ही दृश्ये कोणत्याही गॅझेटियरमध्ये सापडत नाहीत. असे उन्हाळे नेमके कशामुळे शक्य झाले, कोणाला लाभले आणि कोणाला नाकारले गेले, हे या थ्रेडमध्ये निलंगा तालुक्याच्या निमित्ताने पाहू.

२/२४
प्रथम स्थळ. लातूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर असलेले निलंगा हे तेरणा व मांजरा नद्यांच्या खोऱ्यातील जुने गाव. नीळकंठेश्वराचे हेमाडपंती म्हणून ओळखले जाणारे प्राचीन मंदिर ही त्याची ओळख. निजामाच्या हैदराबाद राज्यात हा तालुका बिदर जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे बिदरचे तीन तालुके मुंबई राज्यात आले. निलंगा उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले आणि १६ ऑगस्ट १९८२ पासून लातूर जिल्ह्यात आहे. गाव जागचे हलले नाही, पण तीन दशकांच्या आत त्याच्या पत्त्यावर तीन जिल्हे लागले.

३/२४
याच तालुक्यात पानचिंचोली आहे. गावाच्या नावातच चिंच आहे. २०२४ मध्ये पानचिंचोलीच्या चिंचेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच सुमारास तालुक्यातील बोरसुरीच्या तूरडाळीलाही ते मिळाले. महाराष्ट्रात चिंचोली नावाची गावे ठिकठिकाणी आढळतात. यावरून या झाडाचा वसतीशी किती जुना संबंध आहे, हे ध्यानात येते. गंमत अशी की वनस्पतिशास्त्रज्ञ चिंचेचे मूळ आफ्रिकेत मानतात आणि अरबांनी मात्र तिला 'तमर-ए-हिंदी', म्हणजे 'हिंदुस्थानी खजूर', असे नाव दिले. टॅमरिंड हा इंग्रजी शब्द त्यातूनच आला.

४/२४
चिंचेचे स्वतःचे पंचांग आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी मोहोर येतो, पुढे शेंगा धरतात आणि त्या पक्व होण्यास नऊ-दहा महिने लागतात. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत झाड झोडपले जाते. मराठवाड्यात याच सुमारास ज्वारी-हरभऱ्याची सुगी आटोपत येते. रास घरात आली, पुढची पेरणी अजून लांब, शेतात काम नाही आणि हातात रोख पैसा नाही, अशा मधल्या काळात चिंच उतरते. शाळकरी मुलांच्या परीक्षा संपण्याचा काळही तोच. झाडाचे आणि शाळेचे वेळापत्रक इथे एकमेकांना येऊन मिळते.

५/२४
पीक आणि कालगणना यांचे नाते या प्रदेशात आणखी एका अर्थाने जुने आहे. निजामाच्या राज्यात सरकारी कामकाज फसली सनाने चाले. 'फसल' म्हणजे पीक. महसुलाच्या सोयीसाठी आखलेली ही कालगणना ऑक्टोबरच्या सुरुवातीस आजूर महिन्याने सुरू होई. एप्रिलच्या सुमारास खुर्दाद आणि मेच्या सुमारास तीर येई. साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असे. जुन्या कागदांवर '१३५७ फसली' असे वर्ष दिसले, तर त्यात ५९० मिळवावेत, म्हणजे इसवी सन साधारण १९४७-४८ निघतो. घरातील जुने दाखले पाहताना हे सूत्र उपयोगी पडते.

६/२४
'शेतीच्या कामासाठी शाळांना सुट्टी' ही कल्पना जगात अनेक ठिकाणी दिसते. स्कॉटलंडमध्ये ऑक्टोबरच्या सुट्टीला आजही 'टॅटी हॉलिडे', म्हणजे बटाट्याची सुट्टी, असे म्हणतात, कारण पूर्वी मुले त्या दिवसांत बटाटे वेचीत. मराठवाड्यातील सुट्टीचे उघड कारण वेगळे आहे. मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि पत्र्याच्या वर्गात बसणे अशक्य होते. तरीही ज्या घरांत प्रत्येक हात कमावता असावा लागे, त्या घरांत उन्हासाठी दिलेली सुट्टी आपोआप कामाची सुट्टी होई.

७/२४
झाड कोणाचे, हा महत्त्वाचा प्रश्न. बांधावरचे झाड शेतमालकाचे. रस्त्याकडेची आणि गावठाणातील झाडे सरकारची किंवा गावाची. त्यांच्या फळांचा हर्रास होई. 'हर्रास' म्हणजे लिलाव, आणि तो घेणारा 'गुत्तेदार'. हे दोन्ही शब्द मराठवाड्याच्या बोलीत आजही जिवंत आहेत. फळ झाडावर असतानाच अंदाज बांधून बोली लावायची आणि पुढचा नफा-तोटा आपला, असा हा व्यवहार. आजही ग्रामपंचायती आणि सार्वजनिक बांधकाम विभाग चिंचेच्या झाडांचे लिलाव करतात. हर्रासाच्या कागदावर झाडांची संख्या आणि रक्कम येते. वेचणाऱ्यांची नावे येत नाहीत.

८/२४
कामाची रीत ठरलेली असते. एक धाडसी माणूस झाडावर चढतो, लांब काठीने फांद्या झोडपतो आणि खाली बायका-मुले शेंगा वेचतात. चिंचेवरून पडून जायबंदी होण्याची भीती दर हंगामात असते. मग शेंगांचे टरफल काढायचे, शिरा ओढायच्या आणि चिंच फोडून चिंचोके वेगळे करायचे. हे शेवटचे काम सर्वांत वेळखाऊ. त्याची मजुरी किलोमागे ठरते, म्हणून घरातील लहान हातही कामाला लागतात. आंबट गर दिवसभर बोटांना लागून कातडी सोलवटते. बालपणीच्या गोड आठवणींत ही आग क्वचितच सांगितली जाते.

९/२४
चिंचोका टाकाऊ नव्हता. चिंचोके भाजून, दळून त्यांची खळ करतात. धनगर विणकर घोंगडीला ताठरपणा यावा म्हणून हीच खळ लावतात. कापड आणि ताग गिरण्यांतही धाग्याला खळ देण्यासाठी चिंचोक्याची पूड वापरली जाते. त्यामुळे गावातील दुकानदारही चिंचोके घेत. मुलांच्या दृष्टीने हे चलनच होते. जे विकले जात नसत, ते दगडावर घासून अर्धे केले जात आणि सारीपाटासारख्या खेळांत फाशांचे काम करीत. एका बियेत गिरणी, घोंगडी आणि खेळ असे तिन्ही सामावले होते.

१०/२४
हा माल जाई कुठे? बार्शी लाइट रेल्वे ही अरुंद मापाची गाडी १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचली आणि लातूरच्या बाजाराचे भाग्य पालटले. शहराच्या मध्यभागी गंजगोलाई उभी राहिली. तिला १६ रस्ते येऊन मिळतात. आसपासच्या तालुक्यांतून बैलगाड्यांनी धान्य, तेलबिया आणि चिंच येऊ लागली. हैदराबाद राज्याने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली आणि पुढच्या काळात तालुक्याची गावे हळूहळू एसटीने जोडली गेली. ज्या रस्त्याने चिंच बाहेर गेली, त्याच रस्त्याने पुढे सिनेमाच्या रिळांच्या पेट्या आल्या.

११/२४
आता सिनेमा. मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलत्चित्रांचा पहिला खेळ झाला. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसमोर आला. ही तारीख भर उन्हाळ्यातील आहे, हे लक्षात घ्यावे. खेड्यापाड्यांत मात्र सिनेमा पोहोचला तो फिरत्या तंबूंतून. जत्रेच्या मैदानात कनाती उभ्या राहत, मध्ये पडदा लागे, बाजूला जनित्र धडधडे. चैत्रापासून गावोगावच्या जत्रा भरतात आणि पावसाळा लागला की तंबू गुंडाळावे लागतात. त्यामुळे उन्हाळा हा टुरिंग टॉकीजचा भरभराटीचा हंगाम असे.

१२/२४
पण तंबूतला सिनेमा रात्रीच दाखवता येई. कारण साधे आहे : कनातीतून दिवसाचा उजेड आत येतो आणि पडदा फिका पडतो. रात्रीचा खेळ म्हणजे सारे गाव एकत्र. पुरुष एका बाजूला, स्त्रिया दुसऱ्या बाजूला, मुले पुढे मातीत. कोण आले, कोणाशेजारी बसले, कोण रडले, हे सर्वांना दिसे. सिनेमा पाहणे तेव्हा जत्रेचाच भाग होते. तिथे एकट्याने बसून काही पाहण्याची सोय नव्हती आणि तशी कल्पनाही फारशी कोणाच्या मनात नव्हती.

१३/२४
दुपारच्या खेळासाठी भिंती लागतात. वर छप्पर, खिडक्यांना काळे पडदे, खात्रीची वीज आणि बाहेरगावच्या प्रेक्षकाला अंधार पडण्यापूर्वी घरी पोहोचवणारी एसटी, या सर्व गोष्टी एकत्र आल्यावरच तालुक्याच्या गावी दुपारी तीनचा खेळ उभा राहतो. मराठवाड्यातील लहान गावांत हे जुळून आले ते प्रामुख्याने स्वातंत्र्योत्तर दशकांत. म्हणजे दुपारी एकट्याने सिनेमा पाहणारे मूल हे विजेच्या तारांनी, डांबरी रस्त्यांनी आणि रोख मजुरीने घडवलेले नवे पात्र आहे. त्याच्या आधीच्या पिढीला सिनेमा ठाऊक होता, दुपारचा सिनेमा ठाऊक नव्हता.

१४/२४
उन्हाळा आणि सिनेमागृह यांचे नाते अमेरिकेतही याच क्रमाने बदलले. तिथे उकाड्यामुळे उन्हाळा हा चित्रगृहांचा मंदीचा काळ मानला जाई. १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रगृहात विलिस कॅरिअर यांची थंड हवेची यंत्रणा बसली आणि लोक उन्हापासून सुटका म्हणून सिनेमाला येऊ लागले. मराठवाड्यातील पत्र्याच्या टॉकीजमध्ये अशी चैन नव्हती. छताचे पंखे गरम हवाच फिरवीत. तरीही बाहेरच्या ढणढणत्या उन्हापेक्षा आतला अंधार बरा वाटे. सावली विकत मिळते, ही जाणीव दोन्हीकडे सारखीच होती.

१५/२४
दुपारच्या खेळाला गर्दी कमी असे. मोठी माणसे कामावर किंवा वामकुक्षीत. नवे चित्रपट शहरांत चालून झाल्यावर, रिळे झिजल्यावर तालुक्याला येत. पडद्यावर रेघांचा पाऊस पडे, मध्येच पट्टी तुटे आणि शिट्ट्या वाजत. पुढच्या बाकांचे तिकीट सर्वांत स्वस्त. चिंचोक्यांच्या पैशात तेवढेच परवडे. दादा कोंडके यांचा 'सोंगाड्या' १९७१ मध्ये आला आणि 'पांडू हवालदार' १९७५ मध्ये. आपल्यासारखी बोली पडद्यावर ऐकू येणे, ही ग्रामीण प्रेक्षकांसाठी साधी बाब नव्हती.

१६/२४
'एकट्याने' या शब्दाशी थोडे थांबावे लागेल. दोन खणांच्या माळवदाच्या घरात दहा माणसे, अंगणात शेजारी, शेतात भावकी. अशा जगण्यात मुलाला एकांत मिळण्याची जागा फारच थोडी. टॉकीजच्या अंधारात तीन तास कोणी हाक मारीत नाही, कोणी काम सांगत नाही आणि रडू आले तरी कोणी विचारीत नाही. स्वतःच्या कमाईने स्वतःसाठी घेतलेली बहुधा ही त्याची पहिलीच वस्तू. इतिहासकार ज्याला 'व्यक्ती'ची जाणीव म्हणतात, ती पुस्तकांतून येते तशी तिकिटाच्या अर्ध्या चिटोऱ्यातूनही येते.

१७/२४
यात आणखी एक पदर आहे. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांच्यासोबत सार्वजनिक करमणुकीच्या जागांचा स्पष्ट उल्लेख आहे : तिथे प्रवेशासाठी जात, धर्म, लिंग यांवरून अडवता येणार नाही. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमाने अशी अडवणूक दंडनीय केली. गावच्या पाणवठ्यावर कायदा पोहोचायला फार वेळ लागला. टॉकीजच्या खिडकीवर मात्र पैसे मोजले की तिकीट मिळे आणि अंधारात शेजारी कोण बसले, याची चौकशी कठीण होई. करमणुकीच्या जागेचे नाव संविधानात का आहे, हे अशा दुपारी समजते.

१८/२४
परंतु ही दुपार सर्वांची नव्हती. मुलग्याने वेचणी संपवून अंगावर सदरा चढवला की तो मोकळा. मुलगी मात्र आईजवळ चिंच फोडायला बसे, त्यानंतर पाणी, भांडी, धाकट्या भावंडांचे सांभाळणे. सिनेमाला ती गेलीच तर घरच्या बायकांसोबत, स्त्रियांसाठी राखलेल्या बाजूला, तोही देवादिकांचा चित्रपट असेल तर. अनुच्छेद १५ मध्ये 'लिंग' हा शब्द होता, पण घराच्या उंबऱ्यावर संविधान वाचले जात नव्हते. मुलांच्या रम्य सुट्टीमागे मुलींच्या श्रमांची बेरीज आहे. ती केली नाही, तर हा इतिहास अर्धाच राहतो.

१९/२४
आता पुराव्यांचा प्रश्न. निजामी राज्यात हाली सिक्का चाले, शिवाय ब्रिटिश हिंदुस्थानातील कलदार रुपयाही. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि आण्यांच्या जागी नवे पैसे आले. सिनेमाच्या तिकिटावर करमणूक शुल्क होते. त्याचा मूळ मुंबई कायदा १९२३ चा आणि पुढे तो राज्यभर लागू झाला. म्हणजे झाडाच्या फळाची नोंद हर्रासात आणि तिकिटाची नोंद शुल्काच्या वहीत. सरकारने दोन्ही टोकांना पैसे मोजले. त्या दोन टोकांमध्ये वेचणारे आणि पाहणारे मूल एकच होते, पण त्याची नोंद कोणत्याही वहीत नाही.

२०/२४
काही उन्हाळे असे आले की दोन्ही गोष्टी थांबल्या. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील घरेच्या घरे खडी फोडायला, तलावाच्या आणि रस्त्यांच्या कामांवर गेली. शाळकरी मुलेही आईवडिलांसोबत होती. तिथे मिळणारी सुकडी त्या पिढीच्या जिभेवर आजही आहे. याच अनुभवातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना आकाराला आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्या पिढीतील कोणाला 'सुट्टीत काय करत होता' असे विचारले, तर उत्तर 'खडी' असे येऊ शकते. त्या उत्तरालाही सुट्टीच्या इतिहासात जागा हवी.

२१/२४
३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. औसा, उमरगा आणि निलंगा तालुक्यांतील गावांना तडाखा बसला. दगडमातीची माळवदाची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो जीव गेले. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, आखलेले भूखंड, सिमेंटची घरे मिळाली. माणसे हलवता आली, भांडीकुंडी हलवता आली. जुन्या गावठाणातील झाडे मात्र हलवता येत नव्हती. नव्या गावात वाढलेल्या मुलांचा पहिला उन्हाळा सावलीवाचून गेला असणार, हे समजण्यासाठी कागदपत्रांची गरज नाही.

२२/२४
दुपारचा खेळही हळूहळू मिटला. आधी व्हिडिओ, मग केबल, मग खिशातला फोन. एकपडदा चित्रगृहांच्या जागी मंगल कार्यालये आणि दुकानांच्या रांगा उभ्या राहिल्या. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि राज्याचे जुने करमणूक शुल्क त्यात विलीन झाले. महाराष्ट्रातील फिरत्या तंबू-सिनेमाच्या अखेरच्या काळावर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. तो २०१६ च्या मे महिन्यात कान महोत्सवात दाखवला गेला. रस्तारुंदीकरणात कडेची जुनी झाडेही तुटत गेली. फळ आणि पडदा यांची ओहोटी एकाच काळातली आहे.

२३/२४
त्याच २०१६ चा उन्हाळा लातूर विसरणार नाही. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. २९ एप्रिलला नागराज मंजुळे यांचा 'सैराट' प्रदर्शित झाला आणि तहानलेल्या जिल्ह्यातही तरुणांनी टॉकीजची वाट धरली. जुलैमध्ये बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आली, पण अपवाद दोन : धोकादायक नसलेल्या कामात शाळेनंतर किंवा सुट्टीत कुटुंबाला मदत करणारे मूल आणि चित्रपट-मालिकांसारख्या करमणुकीत कलाकार म्हणून काम करणारे मूल. पहिल्या अपवादात सुट्टीतली वेचणी बसते, दुसऱ्यात पडदा. समर्थकांच्या मते यामुळे घरातले कौशल्य पुढच्या पिढीकडे जाते. विरोधकांच्या मते 'कुटुंबाला मदत' या दोन शब्दांआड किलोमागे मजुरी लपते. चिंच फोडणाऱ्या मुलीचा हात पाहिला की दुसरे म्हणणे दुर्लक्षिता येत नाही.

२४/२४
हा इतिहास अभिलेखागारात मिळणार नाही, तो घरात मिळेल. यंदाच्या सुट्टीत आजी-आजोबांना, काका-मावशींना पाच प्रश्न विचारावेत. पहिली कमाई कोणत्या झाडाखाली झाली? तो पैसा कोणाच्या हाती गेला? एकट्याने पाहिलेला पहिला सिनेमा कोणता? तो कोणत्या टॉकीजमध्ये, आणि आज तिथे काय आहे? आणि आजीला, मावशीला, आत्याला आवर्जून पाचवा प्रश्न : त्या दुपारी तुम्ही कुठे होता? उत्तरे गावाचे नाव आणि साधारण सालासह लिहून ठेवावीत. निलंगा परिसरातील ज्यांच्याकडे जुन्या टॉकीजचे तिकीट, भिंतीवरची जाहिरात किंवा हर्रासाचा कागद असेल, त्यांनी त्याचे छायाचित्र जपून ठेवावे. वहीत न आलेल्या त्या मुलामुलींची नोंद करण्याची वेळ अजून गेलेली नाही.